बाई, हमालाचं कार्य शून्य कसं?

नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' या धड्यावर प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेते. आधी सगळ्यांना मिळून एक विनंती. गणितात आकडे घालण्यापूर्वी वहीत एक ओळ लिहा : बल कोणाचं, ते कशावर लागलं, आणि ती वस्तू त्या बलाच्या दिशेने किती सरकली. ठाण्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं मी या धड्याच्या उत्तरपत्रिका तपासल्या. मुलांच्या बहुतेक चुका गुणाकारात नसायच्या, ही ओळ मनात स्पष्ट नसल्यामुळे व्हायच्या. मोठ्यांच्या पत्रांतही मला तेच दिसलं.

प्रश्न : मुलगा मोठ्याने पाठ करत होता, 'डोक्यावर ओझं घेऊन फलाटावर चालणाऱ्या हमालाने गुरुत्वीय बलाविरुद्ध केलेलं कार्य शून्य असतं.' सासऱ्यांनी ते ऐकलं आणि ते फार चिडले. म्हणाले, हे लिहिणाऱ्याला एक दिवस ओझं उचलायला लावा. मला मुलालाही चूक म्हणता येईना आणि त्यांनाही. काय सांगू?
— एक आई, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : तुमच्या सासऱ्यांचा राग मला आमच्याच घरातला वाटला. माझे वडील माथाडी कामगार होते. पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि मशीद बंदरच्या धान्यबाजारात पोती वाहू लागले. पुढे बाजार तुर्भ्याला आला, तेव्हा आम्हीही खाडी ओलांडून कोपरखैरण्याला आलो. नववीत मी हेच वाक्य वर्गात ऐकलं, तेव्हा कान गरम झाले होते. घरी जाऊन ते वडिलांना सांगायचं धैर्य मला झालं नाही.

वाक्य खरं आहे, पण ते पूर्ण वाचायला हवं. त्यातले 'गुरुत्वीय बलाविरुद्ध' हे शब्द गाळले की ते खोटं होतं आणि ऐकणाऱ्याच्या जिव्हारी लागतं. हमालाचं डोकं ओझ्यावर जे बल लावतं ते सरळ वर. ओझं सरकतं ते आडवं. दोन्ही एकमेकांना काटकोनात, म्हणून त्या बलाने त्या ओझ्यावर केलेलं कार्य शून्य. फलाटाच्या कल्याणकडच्या टोकाला ओझं जेवढ्या उंचीवर होतं, तेवढ्याच उंचीवर ते मुंबईकडच्या टोकाला आहे. त्याची स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळे साठलेली ऊर्जा, कणभरही वाढली नाही, एवढंच हे वाक्य सांगतं. ते ओझ्याबद्दल बोलतं. हमालाच्या शरीरात काय झालं, याचा त्यात उल्लेखच नाही.

आणि शरीरात तर पुष्कळ होतं. स्नायू ताणून धरायचा म्हणजे त्यातले तंतू आळीपाळीने आकसत आणि सैल होत राहतात. प्रत्येक आकसण्याला अन्नातली ऊर्जा लागते आणि तिची उष्णता होते. घाम येतो तो त्यामुळे. तेच ओझं लाकडी फळीवर ठेवलं तर वर्षभर राहील आणि फळीला भूक लागणार नाही, कारण लाकडात असे आकसणारे तंतू नाहीत. शिवाय चालताना दर पावलाला अंग आणि ओझं थोडं वर जातं आणि खाली येतं. वर नेताना जे खर्चलं ते खाली येताना शरीराला पुरतं परत मिळत नाही.

आता तोच हमाल फलाट सोडून पुलाच्या पायऱ्या चढू दे. ओझं ४० किलो, पुलाची उंची ६ मीटर धरा. ओझ्यावरचं कार्य म्हणजे वस्तुमान × गुरुत्व त्वरण (९.८) × उंची : ४० × ९.८ × ६ = २,३५२ ज्यूल. स्वतःचं ५५ किलोचं शरीरही त्यानेच वर नेलं, ते धरून ९५ × ९.८ × ६ = ५,५८६ ज्यूल. पुस्तकाने उदाहरणासाठी सपाट फलाट निवडला म्हणून शून्य आलं. मुलाकडून हे दुसरं गणितही करून घ्या, आणि ते आजोबांसमोर करायला सांगा.

'कार्य' या संज्ञेचा इतिहासही आजोबांना सांगण्यासारखा आहे. बल आणि विस्थापन (वस्तू बलाच्या दिशेने सरकली ते अंतर) यांच्या गुणाकाराला 'कार्य' म्हणायची पद्धत १८२९ साली फ्रान्समधल्या कोरिऑलिस यांनी पक्की केली. यंत्रांचा हिशेब मांडायला त्यांना हे माप हवं होतं : एखादं यंत्र किती वजन किती उंच चढवतं. माणसाचे कष्ट मोजायला ते बनवलेलंच नाही. कष्ट मोजायची गरज वेगळ्या ठिकाणी पडली आणि त्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला.

वडील शाळा फारशी शिकले नव्हते, पण कार्य कुठे होतं हे त्यांच्या पाठीला नेमकं माहीत होतं. ट्रकच्या फाळक्याला पाठ लावून ते उभे राहायचे. वरचे दोघे पोतं सरकवून अलगद पाठीवर द्यायचे. जमिनीवरून पोतं उचलायची वेळ ते येऊच द्यायचे नाहीत. म्हणायचे, "चालण्याने माणूस थकतो, थप्पीवर चढण्याने मोडतो." अकरावीत मी त्यांच्या थप्पीचा हिशेब मांडला. पोतं ५० किलोचं, वडील ६० किलोचे, रचलेल्या पोत्यांच्या पायऱ्यांवरून २ मीटर चढ. ११० × ९.८ × २ = २,१५६ ज्यूल. अशी १०० पोती चढवली तर २,१५,६०० ज्यूल. ६० वॅटचा दिवा एक तास जळला तर जवळपास एवढीच ऊर्जा लागते. या खेपेला मी त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे एक दिवा, एक तास?" मला पुढे बोलता आलं नाही.

आज मी त्यांना उरलेला हिशेबही सांगितला असता. स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा कार्यात उतरवतात. चढताना मिळवलेली ऊर्जा उतरताना शरीराकडे परत येत नाही. पाठ वाकवून तोल धरणं, भिजलेल्या फरशीवर पाय रोवणं, गर्दीतून वाट काढणं, ठरलेल्या थरात पोतं बरोबर कोनात बसवणं, यांतलं काहीच त्या २,१५६ मध्ये आलेलं नाही. तो आकडा फक्त पोतं आणि ते स्वतः किती उंच गेले एवढंच सांगतो.

मुलाला पेपरात 'शून्य' लिहू द्या. फक्त 'गुरुत्वीय बलाविरुद्ध' हे शब्द गाळू नको म्हणावं.

प्रश्न : १० किलोची पिशवी २ मीटर उचलली तर कार्य किती? मी २० ज्यूल लिहिलं, गुण मिळाला नाही. मित्राने २०० लिहिलं, त्याला मिळाला. पुस्तकात १९६ आहे. आणि चाकांची बॅग तिरकी ओढली तर कोन का घ्यायचा?
— इयत्ता नववी, कळवा

उत्तर : तुझे २० ज्यूल नाहीत, ते '२० किलोग्रॅम-मीटर' आहेत. कार्यासाठी बल लागतं आणि किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आहे. पिशवी उचलताना तू पृथ्वीच्या ओढीविरुद्ध बल लावतोस, ते १० × ९.८ = ९८ न्यूटन. गुणिले २ मीटर, उत्तर १९६ ज्यूल. मित्राने गुरुत्व त्वरण १० धरलं म्हणून त्याचे २००. प्रश्नात जे मूल्य दिलं असेल ते घ्यायचं, दिलं नसेल तर ९.८ घे आणि तसं लिही. आपण बाजारात '१० किलो वजन' म्हणतो त्यामुळे हा घोटाळा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, तू एकटा नाहीस.

आता बॅग. पट्टा जमिनीशी ६० अंशांच्या कोनात धरून तू ५० न्यूटन बलाने ओढतोस आणि बॅग १० मीटर पुढे येते. बॅग तर पट्ट्याच्या दिशेने वर उडत नाही, ती जमिनीवरून पुढे जाते. म्हणून बलाचा पुढच्या दिशेचा हिस्सा तेवढाच मोजायचा. ६० अंशांना तो बरोबर निम्मा असतो, २५ न्यूटन. कार्य २५० ज्यूल. उरलेलं बल बॅगेला किंचित वर तोलून धरतं, त्याने चाकांवरचा भार हलका होतो. पट्टा जितका उभा धरशील तितका पुढचा हिस्सा कमी, आणि अगदी उभा धरलास तर शून्य. वरच्या उत्तरातला हमाल म्हणजे हाच नव्वद अंशांचा प्रसंग.

प्रश्न : आमची सात मजली सोसायटी. रोज २०,००० लिटर पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो. पंप ५ एच.पी.चा. पूर्वी टाकी ४५ मिनिटांत भरायची, आता १ तास १० मिनिटं लागतात. कमिटीचं म्हणणं, साडेसात एच.पी.चा पंप घेऊ, तो कमी वेळ चालेल आणि बिल कमी येईल. मी वाणिज्य शाखेचा, पण मला हे पटत नाही.
— सोसायटीचे सेक्रेटरी, नेरुळ

उत्तर : तुमचं न पटणं अगदी योग्य आहे. हा प्रश्न मला फार आवडला, कारण ज्या कामासाठी ही सगळी मापं जन्माला आली तेच काम तुमचा पंप रोज करतो. खाणींतलं पाणी उपसायला इंग्लंडमध्ये घोडे लावत आणि पुढे वाफेची इंजिनं आली. जेम्स वॅट यांना आपलं इंजिन किती घोड्यांचं काम करतं हे गिऱ्हाइकाला सांगायचं होतं. त्यांनी ठरवलेलं माप असं : ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचललं तर एक अश्वशक्ती, इंग्रजीत हॉर्सपॉवर, म्हणजेच एच.पी. आजच्या एककात ती ७४६ वॅट भरते. तुमच्या पंपाच्या पाटीवरचं ५ एच.पी. म्हणजे ३,७३० वॅट, दर सेकंदाला ३,७३० ज्यूल.

आधी कार्य काढू. उंची मोजताना बहुतेक जण जमिनीपासून मोजतात, तिथेच चुकतं. खालच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून, वर पाइप टाकीत जिथे मोकळा होतो तिथपर्यंत मोजा. तुम्ही इमारतीची उंची २२ मीटर लिहिली आहे. खालची पातळी जमिनीपासून ३ मीटर खोल धरली तर एकूण २५ मीटर. एक लिटर पाणी एक किलो, म्हणून २०,००० × ९.८ × २५ = ४९,००,००० ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. रोजचं पाणी चढवायला लागणारं निव्वळ कार्य सुमारे १.३६ युनिट झालं. कोणताही पंप आणा, पाणी तेवढंच आणि गच्ची तिथेच असेल तर या आकड्यात बदल होणार नाही. कमिटीपुढे सगळ्यात आधी हे वाचून दाखवा.

आता वेळ. ४९,००,००० भागिले ३,७३० केलं की १,३१४ सेकंद येतात, म्हणजे २२ मिनिटं. काहीही वाया गेलं नाही तर तुमची टाकी २२ मिनिटांत भरायला हवी. पूर्वी ४५ लागत, म्हणजे पंपाच्या पूर्ण शक्तीतली निम्म्याला थोडी कमी पाण्याच्या कामी येत होती. पाइपमधलं घर्षण, वाकणं, पंपाच्या आत पाण्याची होणारी घुसळण हे लक्षात घेता जुन्या इमारतीत असा आकडा दिसतो. आता ७० मिनिटं लागतात, म्हणजे उपयोगी हिस्सा ३१ टक्क्यांवर आला. पाणी तेच, उंची तीच, मग बिघाड वाटेत आहे. शक्ती कमी पडते म्हणून मोठा पंप आणायचा, की आहे ती कुठे गळते ते बघायचं, हा निर्णय या ३१ टक्क्यांवरून घ्या.

मेकॅनिकला पुढच्या गोष्टी बघायला सांगा. फूट व्हॉल्व्हची, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाच्या झडपेची, जाळी गाळाने भरली आहे का. इम्पेलर, म्हणजे पंपाच्या आत फिरून पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, झिजला आहे का. वरच्या पाइपवरचा एकदिशा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो का. पंपाच्या ओढण्याच्या बाजूने कुठे हवा आत घेतली जाते का, कारण तिथे बारीकशी फट असली तरी पाण्याचा प्रवाह बराच पडतो. आमच्या इमारतीत एकदा नेमकी जाळी निघाली होती. गाळ धुतला आणि वेळ पूर्वीसारखी झाली.

मोठ्या पंपाला माझी आणखी एक हरकत आहे. पाइप तोच ठेवून तुम्ही त्यातून जास्त वेगाने पाणी ढकलणार. पाइपमधल्या घर्षणामुळे पंपाला पाणी जणू आणखी थोडं उंच चढवावं लागतं, आणि ही वाया जाणारी उंची साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दीडपट केला तर ती सव्वादोन पट. वेळ वाचेल, पण दर लिटरमागे वीज जास्त जाईल. बिल वाढण्याची शक्यताच अधिक.

एक दुरुस्ती मीच करते. पाटीवरची शक्ती म्हणजे मोटर पूर्ण भाराने चालली तर पंपाला देईल ती. मीटरवरून ती त्याहून थोडी जास्त वीज घेते, आणि पाणी कमी जात असेल तर असे पंप कमीही घेतात. म्हणून वरचा ३१ टक्क्यांचा आकडा अंदाजाचा समजा. खरा आकडा हवा असेल तर एका सकाळी लिफ्ट आणि जिन्यातले दिवे बंद ठेवून, टाकी भरण्याआधी आणि भरल्यावर सामायिक मीटरचं वाचन लिहून घ्या. १.३६ ला त्या फरकाने भागा. दुरुस्तीनंतर पुन्हा एकदा मोजा. दोन्ही आकडे सर्वसाधारण सभेत मांडले की वाणिज्य शाखेचा माणूसही हा वाद एका ओळीत मिटवू शकेल.

प्रश्न : बल, शक्ती, ऊर्जा, ताकद. मुलीचा यात कायम गोंधळ होतो. इंग्रजी माध्यमात घातलं असतं तर बरं झालं असतं, असं घरात ऐकावं लागतं.
— एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : हा गोंधळ मराठीत शिकल्यामुळे होत नाही. मराठी चांगली येते म्हणून होतो, आणि तो सोडवायलाही मराठीच उपयोगी पडते. आपल्या बोलण्यात हे शब्द सख्खे भाऊ आहेत. 'शक्ती लावून ढकल' आपण सहज म्हणतो, भौतिकशास्त्र तिथे 'बल लावून' म्हणेल. 'आज अंगात बळ नाही' म्हणतो, तिथे ते 'ऊर्जा' म्हणेल. 'कार्य' म्हटलं की डोळ्यांपुढे लग्नाचा मांडव येतो. मुलीला सांगा, घरात हे शब्द आहेत तसेच वापर, पण विज्ञानाच्या वहीत प्रत्येकाला एक ठरलेलं एकक आहे, त्यावरून ओळख. न्यूटन दिसला तर बल. ज्यूल दिसला तर कार्य किंवा ऊर्जा. वॅट दिसला तर शक्ती, म्हणजे दर सेकंदाला झालेलं कार्य.

विजेच्या बिलावर सराव छान होतो. 'किती वॅट वीज जळली' हा प्रश्न चुकीचा आहे. वॅट हा दर आहे, नळाच्या धारेसारखा. जळतात ती युनिटं, म्हणजे बादलीत साठलेलं पाणी. १,००० वॅटची इस्त्री सलग एक तास तापत राहिली तर एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास. 'किलोवॅट प्रति तास' असं काही जण लिहितात, त्यातला 'प्रति' काढून टाकायला सांगा. इथे गुणाकार आहे.

प्रश्न : घणसोली ते ठाणे रोज लोकलने उभा जातो. खांद्यावर बॅग. भौतिकशास्त्राप्रमाणे मी काहीच काम करत नाही का?
— एक प्रवासी

उत्तर : ही गाडी २००४ साली सुरू झाली आणि तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मीही हाच प्रवास उभ्याने केला, म्हणून उत्तर मनापासून देते. गाडी एकसारख्या वेगात सरळ चालली असेल तर बॅगेवर तुम्ही केलेलं कार्य शून्य. खांदा दुखतो त्याचं कारण पहिल्या उत्तरात आहे. खरा हिशेब गाडी सुटताना आणि थांबताना होतो. तुमचं वस्तुमान बॅगेसह ६० किलो आणि गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर धरू. गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे असलेली ऊर्जा = अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग = अर्धा × ६० × २० × २० = १२,००० ज्यूल. गाडीच्या जमिनीने आणि हातातल्या कडीने तुम्हाला पुढे ढकलून ती दिली. रबाळ्याला गाडी थांबते तेव्हा तीच जमीन आणि तीच कडी तुम्हाला मागे धरते. बल मागे आणि विस्थापन पुढे, म्हणून कार्य ऋण, उणे १२,००० ज्यूल. ऋण कार्य म्हणजे तुमच्याकडून ऊर्जा काढून घेतली. ती जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्ये नुसती तापून जाते. नव्या लोकलमध्ये ब्रेक लावताना मोटरच जनित्र होते आणि त्या ऊर्जेतला काही भाग वरच्या तारेत परत जातो, म्हणजे तुमच्या १२,००० पैकीही थोडा.

प्रश्न : मी तिसऱ्या मजल्यावर २० सेकंदांत चढते. आजीला ९० सेकंद लागतात. आजी म्हणते, पळत जा नाहीतर सावकाश जा, काम तेवढंच होतं. मग दम मलाच का लागतो? माझं वजन ४५ किलो, आजीचं ६०. मजला ३ मीटरचा.
— इयत्ता नववी, ऐरोली

उत्तर : तू वजनं, वेळ, उंची सगळं लिहून पाठवलंस, शाबास. एकूण चढ ९ मीटर. तुझं कार्य ४५ × ९.८ × ९ = ३,९६९ ज्यूल. आजीचं ६० × ९.८ × ९ = ५,२९२ ज्यूल. म्हणजे कार्य तेवढंच होत नाही, आजीचं जास्त होतं! आजीचं म्हणणं एकाच माणसाच्या बाबतीत खरं आहे : तूच पळत गेलीस किंवा सावकाश गेलीस तर तुझे ३,९६९ बदलणार नाहीत. दम लागतो तो शक्तीमुळे. तुझी शक्ती ३,९६९ ÷ २० = १९८ वॅट, अश्वशक्तीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त. आजीची ५,२९२ ÷ ९० = ५९ वॅट. स्नायूंना एवढ्या कमी वेळात एवढी ऊर्जा पुरवायची म्हणजे हृदयाने आणि फुप्फुसांनी धावाधाव करायला हवी, तोच तुझा दम. दिवसभर अंगमेहनत करणारा माणूस सरासरी ७५ वॅटच्या आसपास शक्तीने काम करू शकतो. आजी त्याच्या खालच्या पट्टीत चालते, म्हणून वर पोचल्यावरही ती बोलू शकते.

खाण्याचा हिशेबही करून बघ. तुझे ३,९६९ ज्यूल म्हणजे एक किलोकॅलरीहून किंचित कमी. स्नायू चौथा हिस्साच कार्यात उतरवतात, म्हणून शरीराचा खर्च चार किलोकॅलरी धर. साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४५० किलोकॅलरी असतात. तीन मजले चढायला बिस्किटाचा एक ग्रॅमही लागला नाही.

आता खरी मोजणी कर. 'मजला ३ मीटरचा' हे कोणाकडून तरी ऐकलेलं दिसतं. पट्टीने एका पायरीची उभी उंची मोज, सगळ्या पायऱ्या मोज आणि गुणाकार कर. तळमजल्याची पहिली पायरी आणि गच्चीकडची शेवटची बहुतेक वेळा वेगळ्या उंचीच्या असतात, त्या स्वतंत्र मोज. पायऱ्यांच्या मधल्या सपाट जागेवर तू दोन-तीन पावलं चालतेस, त्यांची लांबी कार्यात धरू नकोस, फक्त वेळेत धर. तीनदा चढून सरासरी वेळ घे आणि दोन खेपांच्या मध्ये पाच मिनिटं बस. आजीची वेळ घ्यायची असेल तर तिने रोजच्या चालीने, कठडा धरून आणि एकदाच चढावं. घड्याळ तुझ्या हातात आहे हे तिला आधी सांगू नकोस, नाहीतर ती नातीसाठी घाई करेल. आकडे आले की मला कळव, पायरीची उंची सेंटीमीटरमध्ये.